मांजर हरवते तेव्हा

प्रस्तावना

घरातील माणूस सांगितलेल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आला, तर आपण दहा वेळा दाराकडे पाहतो. मांजर मात्र तासभर दिसले नाही, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मांजराचा स्वभावच तसा. ते विचारून जात नाही आणि परत आल्यावर कोठे गेले होते हे सांगत नाही. रात्री पाने वाढली, भांड्यांचा आवाज झाला आणि तरीही ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले नाही, म्हणजे घरातील कोणीतरी विचारते, "मांजर कोणी पाहिले का?" घरच्यांच्या लेखी ते त्या क्षणी हरवते. प्रत्यक्षात ते त्याआधी कितीतरी वेळ घरात नसते.

विद्यार्थी मित्रहो, प्रस्तुत पाठ हा माहितीपर लेख आहे. हरवलेले मांजर कसे वागते, त्याचा शोध कोठे आणि कोणत्या वेळी घ्यावा, आणि घरापासून हजारो किलोमीटर दूर हरवलेले एक मांजर आपल्या माणसांपर्यंत कसे पोहोचले, हे तुम्ही या पाठात वाचाल. पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला निरीक्षणावर आधारलेले वर्णन करता येईल, 'हरवले आहे' अशा प्रकारची सूचना लिहिता येईल आणि हरवणे, शोधणे, सापडणे या रोजच्या क्रियापदांचे वेगळेपण सांगता येईल.

मूळ पाठ

दिवाळीची रात्र आहे. शेजारच्या गल्लीत फटाक्यांची लांबलचक माळ लागते. पणत्या लावण्यासाठी घराचे दार उघडे ठेवलेले असते. मांजर दचकते, उघड्या दारातून बाहेर झेप घेते, जिना उतरते आणि अंधारात नाहीसे होते. अशा प्रसंगी बहुतेक घरांत एकसारखेच दृश्य दिसते. सगळी माणसे रस्त्यावर येतात, मोठमोठ्याने हाका मारतात, चौकापर्यंत जातात; कोणी स्कूटर काढून पुढच्या वस्तीपर्यंत फेरी मारून येतो. तास-दोन तासांनी सगळे थकून परततात. मांजर पुष्कळदा त्या वेळी घरापासून पंधरा-वीस पावलांवर, जिन्याखालच्या अडगळीत अंग चोरून बसलेले असते. त्याने सगळ्या हाका ऐकलेल्या असतात.

मग ते येत का नाही? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या निसर्गदत्त स्वभावात आहे. मांजर शिकारी आहे, परंतु ते लहान शिकारी आहे. उंदीर, पाली, पाखरे धरणारा हा प्राणी स्वतःही मोठ्या प्राण्याच्या तोंडी सापडू शकतो. त्यामुळे संकटात सापडलेले मांजर पहिली जी अरुंद, काळोखी जागा मिळेल तिच्यात शिरते आणि तेथे निःशब्द राहते. ओरडणे म्हणजे आपला ठावठिकाणा शत्रूला सांगणे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कुत्रा हरवला तर तो पुष्कळदा माणसांकडे धावतो. भ्यालेले मांजर माणसांपासून लपते, मग ती माणसे त्याला रोज दूध पाजणारी का असेनात. घरी मांडीवर झोपणारे मांजर बाहेरच्या भिंतीआडून आपल्याच माणसाकडे परक्यासारखे पाहते. त्याला कृतघ्न म्हणण्याचा मोह होतो, पण तो न्याय होणार नाही.

आपली हाक त्याला ओळखू येत नाही, असेही नाही. जपानमधील आत्सुको सैतो आणि काझुताका शिनोझुका या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळीव मांजरांना प्रथम परक्या माणसांचे आणि नंतर त्यांच्या पालकाचे आवाज ऐकवले. पालकाचा आवाज येताच मांजरांनी कान वळवले, मान हलवली. मात्र आवाजाच्या दिशेने उठून जाण्याची तसदी त्यांनी सहसा घेतली नाही. सैतो यांच्या २०१९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात मांजरे स्वतःचे नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखतात, असेही दिसून आले. मांजराची श्रवणशक्ती सुमारे ४८ हर्ट्झपासून ८५,००० हर्ट्झपर्यंत पोहोचते. माणसाची २०,००० हर्ट्झच्या आसपास संपते. तेव्हा चौकात उभे राहून घसा कोरडा करण्याचे काही कारण नाही. हलक्या, रोजच्या स्वरातील हाक त्याला पुरते. तिला उत्तर मिळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

शोधाचा आरंभ घरातूनच करावा लागतो. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण मांजराच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. रचून ठेवलेल्या गाद्यांच्या घड्यांत, दिवाणाच्या पोटात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, फ्रिजच्या मागे, कपडे धुण्याच्या यंत्रात, पोटमाळ्यावरच्या पितळी हंड्यात – मांजर कोठेही असू शकते. त्याचे डोके जेथून जाते तेथून त्याचे अंगही बहुधा जाते, एवढे ध्यानात ठेवून प्रत्येक कोपरा हाताने आणि विजेरीने पाहावा. नुसते डोकावून 'येथे नाही' म्हणणे पुरेसे नसते.

घर पाहून झाले की घराला लागून असलेल्या जागा. जिन्याखालची जागा, विजेच्या मीटरची खोली, गच्चीवरची पाण्याची टाकी, भंगाराचा ढीग, शेजाऱ्याची पडवी, उभ्या असलेल्या मोटारींचा खालचा भाग. थंडीच्या दिवसांत मांजरे उबेसाठी गाडीच्या इंजिनापाशी चढून बसतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सवय साऱ्या आळीने लावून घेतली, तर कितीतरी जीव वाचतील.

यासाठी दिवसापेक्षा रात्र अधिक सोयीची असते. गल्ली झोपल्यावर, रात्री उशिरा किंवा पहाटे उजाडण्यापूर्वी, लपलेले मांजर थोडेफार हलू लागते. मांजराच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. विजेरी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरून झोत जमिनीलगत फिरवला, तर अंधारात दोन हिरवट-पिवळे ठिपके चमकतात. दिवसा त्याच झुडपासमोरून दहा वेळा गेलेल्या माणसाला जे दिसत नाही, ते रात्री एका क्षणात दिसते. डोळे दिसले की धावत जायचे नाही. तेथेच खाली बसावे, नजर रोखू नये, त्याचे नेहमीचे खाणे समोर ठेवून हळू आवाजात बोलत राहावे. घाबरलेले मांजर आपल्याच माणसालाही चावते किंवा ओरबाडते. अशी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. मांजर घरचे आहे म्हणून हयगय करू नये.

या साऱ्या अनुभवांना अलीकडे मोजमापाचा आधार मिळाला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती प्रश्नावलीद्वारे गोळा केली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मांजरे पहिल्या सात दिवसांत जिवंत सापडली. वर्षभरात हे प्रमाण ६१ टक्क्यांपर्यंत गेले. नव्वद दिवसांनंतर सापडलेली मांजरे फारच थोडी होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरे, ज्या जागेवरून नाहीशी झाली तिच्यापासून ५०० मीटरच्या आत होती. पायी फिरून, जागा धुंडाळून केलेला शोध उपयोगी पडतो, असेही या अभ्यासाने दाखवले. त्याआधी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात हरवलेल्या मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के परत मिळाली होती आणि परत मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक आपणहून घरी आली होती.

हे आकडे परदेशांतील आहेत. आपल्या गावांतील दाट वस्ती, मोकाट कुत्री, उन्हाळ्याची काहिली आणि आषाढातील पाऊस यांचा हिशेब त्यांत नाही. तरीही ५०० मीटर ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाचशे मीटर म्हणजे सहा-सात मिनिटांची चाल. स्कूटरवरून ती अर्ध्या मिनिटात ओलांडली जाते आणि पाहायचे ते राहून जाते.

मांजर कोणत्या प्रकारचे आहे यावरही शोधाची दिशा ठरते. कधीच घराबाहेर न पडलेले मांजर दाराबाहेर गेले, तर ते फार दूर जात नाही. जवळच दडते आणि भूक असह्य झाल्यावरच हलते. याउलट रोज गच्च्या आणि कुंपणे पालथी घालणारे मांजर एके दिवशी परतले नाही, तर त्याला कशाने तरी अडवले आहे असे समजावे. एखाद्या बोक्याशी झुंज होऊन ते जखमी झाले असेल, एखाद्या मालवाहू गाडीत झोपले असताना गाडी निघून गेली असेल, किंवा शेजारचे कुटुंब कुलूप लावून गावी गेले आणि त्यांच्या कोठीच्या खोलीत मांजर अडकले असेल. ही शेवटची शक्यता लोक विसरतात. गेल्या दोन दिवसांत कोणाचे दार, दुकानाचे शटर, गॅरेज बंद झाले, याची चौकशी प्रत्येक घरी जाऊन करावी. "आमच्याकडे नाही हो" या उत्तरावर थांबू नये, "एकदा खोली उघडून पाहता का?" अशी विनंती करावी. अन्नपाण्यावाचून मांजर फार दिवस काढू शकत नाही. स्थूल मांजर तर काही दिवस उपाशी राहिले, तरी त्याच्या यकृताला गंभीर विकार जडू शकतो. म्हणून संकोचात गेलेला एक दिवसही महागात पडतो.

आपल्याकडे एक जुनी रीत होती आणि ती पूर्णपणे गेली आहे असे म्हणता येत नाही. नकोशी झालेली मांजरी पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायची. चार दिवसांनी तीच मांजरी मागच्या दारी हजर, अशा कथा पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळतात. या कथा निव्वळ कल्पित नाहीत. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ साली मांजराच्या घरी परतण्याच्या शक्तीवर लेख प्रसिद्ध केला. पिल्ले घरी असलेली एक मांजरी काही मैलांवर नेऊन सोडली असता ती परतून आल्याचे त्यांनी नोंदवले आहे. याहून विलक्षण उदाहरण २०१२ सालचे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हॉली नावाची मांजरी प्रवासात डेटोना बीच येथे हरवली आणि सुमारे दोन महिन्यांनी, वर्षाच्या अगदी अखेरीस, वेस्ट पाम बीच येथे आपल्या घरापासून मैलभर अंतरावर आढळली. दोन्ही गावांत सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर आहे. तिचे पंजे झिजले होते, वजन निम्म्यावर आले होते. ती हॉलीच आहे हे कातडीखाली बसवलेल्या सूक्ष्म चिपमुळे सिद्ध झाले. अन्यथा ही गोष्ट कोणी खरी मानली नसती. मांजर दिशा कशी ओळखते, याचे समाधानकारक उत्तर मात्र विज्ञानापाशी अद्याप नाही.

परंतु परत आलेल्या मांजरीची गोष्ट सांगितली जाते. न परतलेल्यांची कोण सांगणार? पोत्यातून सोडलेल्या बहुसंख्य मांजरांचे पुढे काय होते हे उघड आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. भूक वा तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत, सबळ कारणावाचून, त्याला टाकून देणे हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

हॉलीच्या अंगातील चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो आणि विशिष्ट वाचक यंत्र जवळ धरले की तो दिसतो. अशी चिप बसवली म्हणजे मांजर कोठे आहे ते फोनवर दिसेल, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. तिच्यात विजेरी नसते, ती ठिकाण सांगत नाही. कोणाला तरी मांजर सापडले, त्याने ते पशुवैद्याकडे नेले, तेथे वाचक यंत्र असले आणि नोंदीत आपला पत्ता बरोबर असला, तरच तिचा उपयोग. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजरांना अशी चिप बसवणे सक्तीचे झाले आहे. आपल्याकडे अद्याप गळ्यातला पट्टा, त्यावर लिहिलेला क्रमांक आणि गल्लीची स्मरणशक्ती यांवरच अधिक भिस्त आहे.

आता एका मांजराची हकीकत. इराकमधील मोसुल शहर २०१४ साली सशस्त्र अतिरेक्यांच्या ताब्यात गेले. तेथील एक आई आपल्या पाच मुलांसह देश सोडून निघाली. अशा वेळी माणसे दागिने घेतात, कागदपत्रे घेतात. या कुटुंबाने त्याबरोबर आपला पांढराशुभ्र, झुपकेदार बोका घेतला. त्याचे नाव कुन्कुश. त्याला लपवूनछपवून त्यांनी तुर्कस्तान गाठले आणि २०१५ साली, हवेने फुगवलेल्या रबरी नावेतून, ग्रीसच्या लेस्बॉस बेटाचा किनारा गाठला. तुर्कस्तानचा किनारा आणि या बेटाचा उत्तर भाग यांमधील समुद्र सुमारे दहा किलोमीटर रुंद आहे. त्या वर्षी लाखो निर्वासितांनी तो ओलांडला आणि कित्येकांना त्याने गिळले. हे कुटुंब सुखरूप उतरले. पण किनाऱ्यावरच्या गोंधळात बोका पेटीतून निसटला आणि दिसेनासा झाला. मुलांनी रडत त्याला शोधले. पुढच्या प्रवासाला निघणे भाग होते. ते निघाले.

काही दिवसांनी किनाऱ्यालगतच्या गावात एक मळलेला, जटा झालेला बोका स्थानिक मांजरांच्या मारापासून अंग चोरत फिरताना स्वयंसेवकांना दिसला. त्यांना त्या रडणाऱ्या मुलांची आठवण झाली. त्याला पशुवैद्याकडे नेले, न्हाऊ घातले. मळाखालचा पांढरा रंग दिसू लागला. खरे नाव ठाऊक नसल्यामुळे त्याचे नाव दियास ठेवले. दियास म्हणजे ग्रीकांचा देवराज झ्यूस. मालक कोणत्या देशात गेले आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. एरवी मांजर हरवते आणि माणसे जागेवर असतात. येथे मांजर सापडले होते आणि माणसेच हरवली होती. स्वयंसेवकांनी त्याची छायाचित्रे इंटरनेटवरून सर्वत्र पाठवली. पुष्कळ निर्वासित जर्मनीकडे जात होते, म्हणून त्याला बर्लिन येथे नेऊन एका घरी तात्पुरते ठेवले. अखेरीस त्याची बातमी नॉर्वेमध्ये आश्रय घेतलेल्या त्या कुटुंबापर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका छायाचित्रकाराने बोक्याला बर्लिनहून नॉर्वेला नेले आणि आईच्या हातात दिले. या घटनेवर २०१७ साली मुलांसाठी सचित्र पुस्तकही निघाले.

एवढ्या मोठ्या मानवी संकटात एका बोक्यासाठी ही धडपड कशाला, असा प्रश्न त्या काळी काहींनी विचारला असल्यास नवल नाही. ज्यांनी घर, गाव, भाषा, शेजार सगळे मागे ठेवले होते, त्यांच्या जुन्या घरातून आलेला जिवंत असा तो एकटाच होता, हे त्या प्रश्नकर्त्यांनी पाहिले नसावे.

हरवलेले प्रत्येक मांजर परत मिळत नाही. शोध कधी थांबवावा, हे कोणी दुसऱ्याने सांगण्यासारखे नसते. घरातील लहान मुले याविषयी मोठ्यांपेक्षा अधिक सरळ असतात. ती रात्री खिडकीच्या खाली दुधाची वाटी ठेवतात आणि सकाळी रिकामी दिसली की ती कोणी प्याली याचा वाद घालतात.

शब्दार्थ

अडगळ – न लागणाऱ्या वस्तू ठेवण्याची जागा, तेथील वस्तू. पडवी – घराच्या पुढील किंवा बाजूचा छपराखालचा भाग. काहिली – तीव्र उष्णतेने होणारी तगमग. विजेरी – १. बॅटरी २. बॅटरीवर चालणारा हातातील दिवा. (पाठात हा शब्द दोन्ही अर्थांनी आला आहे, कोणत्या वाक्यात कोणता अर्थ आहे ते पाहा.) हयगय – दुर्लक्ष, निष्काळजीपणा. भिस्त – भरवसा. तसदी – त्रास, कष्ट.

भाषाभ्यास

'मी मांजर शोधतो' आणि 'मला मांजर सापडते' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वाक्यात 'मी' हा कर्ता आहे. शोधणे माझ्या हाती आहे. दुसऱ्या वाक्यात क्रियापद मांजराप्रमाणे चालते: मांजर सापडते, मांजरी सापडली, बोका सापडला. ज्याला सापडले तो माणूस 'मला', 'तिला', 'आईला' असा चतुर्थीत जाऊन बसतो. 'हरवणे' याचीही तीच तऱ्हा. 'मी मांजर हरवले' असे आपण क्वचितच म्हणतो. 'माझे मांजर हरवले' असे म्हणतो. हरवणे आणि सापडणे या दोन्ही गोष्टी आपल्याकडून होत नाहीत, आपल्या बाबतीत होतात. मधले शोधणे तेवढे आपले, असे जणू मराठी भाषेने मानले आहे.

लिंगविचाराच्या दृष्टीनेही हा प्राणी लक्षणीय आहे. 'मांजर' हा शब्द सामान्यतः नपुंसकलिंगी, 'बोका' पुल्लिंगी, 'मांजरी' किंवा कोकणाकडील 'भाटी' स्त्रीलिंगी, आणि 'पिल्लू' पुन्हा नपुंसकलिंगी. सूचनेत 'बोका' हा एक शब्द लिहिला की नर आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

सूचनालेखन

मांजर हरवल्यावर पुष्कळ जण असे लिहितात: 'आमची लाडकी सोनी आम्हांला सोडून कोठे गेली ठाऊक नाही. तिच्यावाचून घर सुने झाले आहे. कोणाला दिसल्यास कृपया कळवा.' यातील दुःख खरे आहे. पण वाचणाऱ्याने कोणते मांजर पाहायचे हे त्यात कोठेच नाही. त्याऐवजी पुढील मजकूर पाहा.

'मांजर हरवले आहे. आपण पाहिलेत का?
बोका, वय दोन वर्षे. रंग पांढरा, पाठीवर दोन करडे डाग, शेपटीचे टोक काळे, गळ्यात निळा पट्टा. शनिवारी रात्री आठच्या सुमारास मंदिरामागील गल्लीतून नाहीसा झाला. घाबरट आहे, दिसल्यास पाठलाग करू नये, धरू नये, त्वरित कळवावे. आपला जिना, गच्ची, गॅरेज व बंद खोल्या कृपया एकदा उघडून पाहाव्यात.'
(येथे मोठे छायाचित्र व संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक द्यावा.)

या सूचनेत विशेषणे मोजकी आहेत आणि प्रत्येक विशेषण डोळ्यांनी तपासता येणारे आहे. 'सुंदर', 'गोंडस' हे शब्द गाळले आहेत, कारण प्रत्येकाचे मांजर सुंदरच असते. एक खूण मात्र मुद्दाम लिहिलेली नाही, उदाहरणार्थ पोटावरचा एखादा डाग. 'मांजर सापडले आहे, आधी पैसे पाठवा' असा फोन आला तर ती खूण विचारता येते. सूचना गल्लीच्या भाषेत असावी, हेही महत्त्वाचे. बडोद्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने ती गुजरातीतही लिहावी, इंदूरमध्ये हिंदीत, हैदराबादेत तेलुगूत. मांजर आपले असले तरी ते पाहणारे डोळे साऱ्या वस्तीचे असतात.

पाठगत प्रश्न

१. लपलेले मांजर हाकेला उत्तर का देत नाही?
२. रात्रीच्या शोधात विजेरी डोळ्यांच्या उंचीवर का धरावी?
३. 'येथे मांजर सापडले होते आणि माणसेच हरवली होती.' हे वाक्य कोणत्या प्रसंगाला उद्देशून आहे?
४. सूक्ष्म चिपविषयी कोणता गैरसमज पाठात सांगितला आहे?

स्वाध्याय

१. २०१८ सालच्या अभ्यासातील निष्कर्ष आपल्या वस्तीला कितपत लागू पडतील? आपल्या परिसरातील मांजरे दडू शकतील अशा जागांची नावे घेऊन आठ ते दहा वाक्यांत लिहा.
२. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' या म्हणीचा अर्थ सांगा व ती आपल्या अनुभवातील दुसऱ्या एखाद्या प्रसंगाला लावून दाखवा.
३. तुमच्या घरी किंवा शेजारी असलेले एखादे मांजर पाच मिनिटे नीट पाहा. नंतर त्याच्याकडे न पाहता, ते हरवले आहे असे समजून सूचना लिहा. ती सूचना त्या मांजराशी ताडून पाहा आणि कोणत्या खुणा निसटल्या ते समासात नोंदवा.
४. तुम्हांला गळ्यात पट्टा असलेले परके मांजर दारी आढळले आहे. 'मांजर सापडले आहे' अशी सूचना लिहा. कोणती माहिती द्याल आणि कोणती राखून ठेवाल?
५. घरात नवे मांजर आणायचे आहे, परंतु हरवलेल्या जुन्या मांजराची वाट आजी अजून पाहत आहे. या विषयावर आजी आणि नातू यांच्यातील संवाद लिहा.